दोन डोळे, एक चष्मा

एडिसन, न्यू जर्सी
५ डिसेंबर २०२५

ती. सौ. ताईस शि. सा. न.

वि. वि. व्हॉट्सॲपवर लिहिलं की भाऊजी ते सोसायटीच्या ग्रुपवर टाकतात, म्हणून कागदावर लिहिते आहे. माझं अक्षर सुधारलेलं वाटेल. अक्षर आहे तेच आहे, आता ओळ दिसते एवढंच.

दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं झाली. उजवा ऑगस्टात, डावा ऑक्टोबरात. दोन्ही वेळा सकाळी गेले आणि दुपारी घरी येऊन मुगाची खिचडी खाल्ली. पट्टी निघाल्यावर पहिलं काय दिसलं सांगू? सूनबाईच्या ओट्यामागच्या फरशा पांढऱ्या आहेत! मोतीबिंदूमुळे मला त्या पिवळट दिसायच्या आणि मी सहा वर्षं दर शनिवारी त्या घासत होते. घरात कोणी एका शब्दाने बोललं नाही. फुकटात घासून मिळत असताना कोण बोलेल?

आता तू विचारशील, पैसे कोणी भरले.

इथे पासष्टीनंतर मेडिकेअर नावाचा सरकारी विमा मिळतो. पण आमच्यासारख्या मुलाच्या पाठोपाठ आलेल्यांना ग्रीन कार्डावर सलग पाच वर्षं काढल्याशिवाय तो विकतसुद्धा घेता येत नाही. आम्ही आलो २०१९ साली. ती पाच वर्षं ह्यांनी डोळ्यांत तेल घालून माझ्यावर पहारा केला. जिना पळत उतरायचा नाही, बर्फात पाऊल टाकायचं नाही, शिंकायचं तेही बेताने. इथे दहा वर्षं नोकरी करून कर भरलेल्यांना त्यातला 'पार्ट ए', म्हणजे रुग्णालयाचा भाग, फुकट असतो. आपली नोकरी झाली पुण्यात, त्यामुळे आम्हाला त्याचा २०२५चा हप्ता महिना ५१८ डॉलर. तो गुंता चिरंजीव सोडवताहेत, त्यात मी शिरत नाही. मोतीबिंदू येतो 'पार्ट बी'मध्ये. त्याचे २०२५ साली महिना १८५. त्या वर्षातले पहिले २५७ डॉलर आपण भरायचे, पुढच्या बिलातले ८० टक्के त्यांचे, २० आपले. तो वीस टक्क्यांचा कागद आला तेव्हा ऑपरेशन माझं झालं होतं, पण डोळे ह्यांचे पांढरे झाले.

तरी ऑपरेशन झालं, तक्रार नाही. माझं भांडण चष्म्यावरून आहे. ह्या मूळ मेडिकेअरमध्ये नेहमीची डोळेतपासणी बसत नाही, चष्मा नाही, कवळी नाही, कानाचं यंत्र नाही. म्हातारपणी जे जे आधी जातं तेवढंच नेमकं वेचून बाहेर काढलंय. मधुमेह असेल तर वर्षातून एकदा पडदा तपासतील, काचबिंदूचा धोका असेल तर तेही बघतील. पण 'नंबर वाढलाय का बघा हो' म्हटलं की खिशात हात आपला. खासगी कंपन्यांच्या मेडिकेअर ॲडव्हान्टेज योजनांत चष्म्याचं काही काही देतात म्हणे, पण तिथे डॉक्टर त्यांच्या यादीतला लागतो. माझा नव्हता.

गंमत पुढेच आहे. ३० जुलै १९६५ला मिसुरी राज्यातल्या इंडिपेंडन्स गावी राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी मेडिकेअरच्या कायद्यावर सही केली आणि पहिलं कार्ड दिलं ८१ वर्षांच्या माजी अध्यक्ष ट्रूमन यांना. नातवाने मला तो फोटो दाखवला. नव्या डोळ्यांनी नीट निरखून पाहिला. ट्रूमनआजोबा शेजारी बसलेत आणि नाकावर हा जाड चष्मा! लहानपणापासूनचा. म्हणजे चष्मा मिळणार नाही असं कायद्यात लिहायचं आणि पहिलं कार्ड द्यायला चष्मेवालाच शोधायचा. आपल्या ज्येष्ठ नागरिक संघातला एक जरी गृहस्थ तिथे असता तरी त्याने सही होऊ दिली नसती.

नियमाला अपवाद एकच. मोतीबिंदू काढून भिंग बसवलं की त्या ऑपरेशनमागे एक चष्मा मिळतो. आणि इथेच माझं कोथरूडचं डोकं आडवं आलं. उजवा डोळा झाल्यावर चष्मा करून घ्या म्हणाले. मी हिशेब केला की डावा झाला की नंबर पुन्हा बदलणार, मग आत्ता कशाला वाया घालवा? शेवटी दोन्ही एकदम घेऊ, एक वाचायला, एक बाहेर जायला. ऑक्टोबरात मेडिकेअरच्या यादीतल्या दुकानात ऐटीत गेले. काउंटरवरच्या पोराने खटाखट बटणं दाबली आणि एक बोट वर केलं. मधल्या काळात चष्मा घेतला नाही, तर दुसऱ्या ऑपरेशननंतर मिळून एकच! डोळे दोन, ऑपरेशनं दोन, चष्मा एक. चूक माझीच, नियम छापलेला होता. पण तो वाचायला चष्मा लागत होता!

मग त्याने खालच्या खणातून चार फ्रेमी काढल्या. त्यातली एक आपल्या अण्णांच्या जुन्या फ्रेमसारखी हुबेहूब, ती काड्यांना सुतळी बांधलेली आठवते ना? वरच्या कपाटातली हवी तर फरक तुमचा, म्हणाला. मी अण्णांचं स्मरण करून खालचीच घेतली.

तू मात्र हसू नकोस. वयाची अट निघाली म्हणून भाऊजींनी २०२४च्या दिवाळीत हौसेने आरोग्य संजीवनी घेतली, ती पॉलिसी जरा काढून बघ. मोतीबिंदूला २४ महिने थांबायचं, म्हणजे तुझ्या डोळ्याला पुढच्या दिवाळीपर्यंत दम धरायला सांगावं लागेल. पुढे एका डोळ्याला ४० हजार किंवा विम्याच्या रकमेच्या २५ टक्के, यातलं जे कमी असेल ते. भाऊजींनी काटकसर करून लाखाचीच घेतली, म्हणजे तुला २५ हजार, त्यातही पाच टक्के आपले. चष्मा तिकडेही नाही. नुसता नंबर घालवायचं ऑपरेशन करायचं तर तो साडेसातच्या खाली असून चालत नाही. म्हणजे विमा मिळावा म्हणून आधी आंधळं व्हायचं!

त्यापेक्षा त्याच दिवाळीत, धन्वंतरी जयंतीला, सत्तरीवरच्या सगळ्यांसाठी आयुष्मान वय वंदना कार्ड सुरू झालंय ते काढ. उत्पन्नाची अट नाही, खासगी विमा असला तरी चालतं, वर्षाला पाच लाखांपर्यंत. चौऱ्याहत्तर पुरी झालेली बाई तू, आधार कार्ड घेऊन जा. मोतीबिंदू केंद्राच्या यादीत आहे, पण आपल्या भागातलं कुठलं रुग्णालय तो ह्या कार्डावर करतं ते आधी फोन करून विचार. 'बघू संक्रांतीनंतर' नको. परवा व्हिडिओवर तू मला सूनबाई समजून दहा मिनिटं माझीच गाऱ्हाणी मला सांगितलीस.

आता एक काम. कर्वे रोडवरच्या आपल्या नेहमीच्या दुकानात माझ्यासाठी वाचायचे दोन चष्मे टाक. दोन्ही डोळ्यांना अडीच, अधिक. फ्रेम तपकिरी घे, अण्णांसारखी नको. चिरंजीवांचा मित्र पंधरा जानेवारीला पुण्याहून निघतोय, त्याच्याकडे दे. पैसे भाऊजींच्या खात्यावर पाठवलेत, उरतील त्याची चकली भाजणी.

तुझी,
धाकटी