रस्ता साठवण योजना

मुंबई-गोवा महामार्गाचे चौपदरीकरण २०११ साली सुरू झाले. मुदतींमागून मुदती गेल्या, तेव्हा रस्त्याने आपली सोय आपणच पाहिली: तो गाडीत राहायला आला. चाकावरच्या कमानीत खडी, चिखल आणि डांबराचे गोळे आता गुण्यागोविंदाने नांदतात. अशा पाहुण्याला उघड्या पत्र्यावर ठेवणे शोभत नाही. म्हणून गणपतीला गावी निघण्यापूर्वी प्रत्येक सुजाण नागरिकाने प्लास्टिकचे फेंडर लायनर बसवून घ्यावेत. चाक काढायचे, कमान धुवायची, लायनर दाबून बसवायचा, क्लिपा ठोकायच्या. संध्याकाळपर्यंत काम पूर्ण. (खात्यातल्या कोणी हे वाचून दचकू नये. काम गॅरेजमधले आहे.)

या तत्त्वाचा विस्तार व्हायला हवा. अस्तर रस्त्याऐवजी वाहनालाच लावले, तर निविदा, खडी, रोलर सगळेच वाचते. पुढच्या टप्प्यात पादचाऱ्यांना गुडघ्यापर्यंत लायनर सक्तीचा करावा. बिनलायनरचा इसम अंगावर सरकारी खडी वागवताना आढळल्यास त्याच्यावर सार्वजनिक मालमत्ता पळवल्याचा गुन्हा नोंदवावा.

एक बारीक अडचण आहे. लायनरमागे चिखल अडकला की ओल धरते आणि पत्रा आतून सडतो. बाहेरून मात्र काळेभोर, गुळगुळीत दिसते. उद्घाटनाला तेवढे पुरते.

तरी पावसाळा संपला की लायनर उतरवून मागची बाजू धुवावी आणि डिकीत जादा क्लिपा ठेवाव्यात. पहिल्या क्लिपा पेणपर्यंतच्या असतात.