दोन लाख किलोमीटरची जिप्सी

जुनी, भरपूर पळालेली जिप्सी घ्यावी की घेऊ नये, हा प्रश्न साधारणपणे चाळिशीनंतर उद्भवतो. त्याआधी पैसे नसतात आणि साठीनंतर मागच्या बाजूने आत चढता येत नाही. हा प्रश्न ज्यांना पडतो त्यांच्यापैकी बहुतेकांच्या घरापासून ऑफिसपर्यंतचा रस्ता सिमेंटचा असतो. ज्यांच्या वाटेत खरोखरच ओढा, चिखल आणि चढ असतो ते ट्रॅक्टर घेतात, आणि तो घेताना रात्र-रात्र जागत नाहीत.

मारुतीने ही गाडी डिसेंबर १९८५ मध्ये आणली. सुझुकीच्या एसजे४१० या गाडीचा तो लांब केलेला भारतीय अवतार होता. इंजिन ९७० सीसीचे, गिअर चार. १९९६ मध्ये १.३ लिटर इंजिनाची पाच गिअरची ‘जिप्सी किंग’ आली आणि २००० मध्ये त्या इंजिनाला एमपीएफआय मिळाल्यावर ताकद ६० अश्वशक्तीवरून ८० वर गेली. चारही चाकांवर पाटे. एसी आणि पॉवर स्टीअरिंग असल्या लाडांची सवय कंपनीने तिला लावली नाही. मागे बसणाऱ्यांनी समोरासमोर बसून एकमेकांचे गुडघे सांभाळायचे, अशी व्यवस्था. तरीही लष्कर, पोलीस, वनखाते आणि रॅलीत भाग घेणारे तिच्यावर तीस वर्षे विसंबून राहिले, कारण तिचे वजन जेमतेम एक टन आहे. जिथे दोन टनांची रुबाबदार गाडी बसकण मारते, तिथून ही पत्रे खडखडवत निघून जाते. २०१९ च्या आगेमागे नागरिकांना नवी जिप्सी मिळणे बंद झाले आणि जुनीच्या किमतीला व तिच्याविषयीच्या दंतकथांना एकदमच भाव चढला.

तपासणीत पहिला मान मीटरला मिळतो, आणि तो चुकीचा आहे. बऱ्याच जुन्या मीटरमध्ये किलोमीटरचे पाचच आकडे असतात. ९९,९९९ नंतर ते शून्यावर येतात, आणि विकणाऱ्याची स्मरणशक्तीही. मीटर खरे बोलते की नाही ते पायाखाली कळते. मीटर साठ हजार दाखवत असेल आणि क्लचच्या पेडलवरचे रबर गुळगुळीत झाले असेल, तर रबराचे ऐकावे. ‘मीटर बंद आहे’ असे विक्रेता आपणहून सांगत असेल, तर त्या व्यवहारातले सर्वांत विश्वासार्ह विधान आपण ऐकले असे समजण्यास हरकत नाही. याच सुमारास गाडी आधी एका डॉक्टरकडे होती, हेही कळते. अशा दाव्यांवर विश्वास ठेवायचा तर महाराष्ट्रातल्या डॉक्टरांनी गेली तीस वर्षे दवाखान्याऐवजी जिप्सीतच काढली असावीत.

पण मीटर खरे असले तरी अशा गाडीबद्दल ते फारसे काही सांगू शकत नाही. महामार्गावर ताशी साठच्या वेगाने लाख किलोमीटर गेलेल्या गाडीचे इंजिन सुमारे १,६७० तास चालले. ताडोबाच्या धुळीत पर्यटकांना घेऊन ताशी वीसने लाख किलोमीटर फिरलेल्या गाडीचे पाच हजार तास झाले, तेही पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये, क्लचवर पाय ठेवून आणि वाघ दिसेल या आशेने वारंवार थांबत. ट्रॅक्टरवाले याबाबतीत शहाणे आहेत. त्यांच्या मीटरवर तास असतात आणि जुना ट्रॅक्टर तासांवरच विकला जातो. जिप्सीवाला मात्र किलोमीटर विचारतो आणि ‘जंगलातली गाडी आहे’ हे ऐकून उलट हळवा होतो.

इंजिन पाहायला सकाळी, न सांगता जावे आणि आधी बॉनेटवर हात ठेवावा. बॉनेट गरम लागले तर समजावे की थंड इंजिन चालू होताना कसे खोकते हे आपल्याला कळू नये, याची कोणीतरी काळजी घेतली आहे. चालू झाल्यावर निळा धूर म्हणजे इंजिन ऑइल खाते; सतत पांढरा आणि पाणी कमी होत असेल तर हेड गॅस्केटचा संशय. चालू इंजिनाचे ऑइलचे झाकण काढल्यावर आतून भसाभस वाफारा आला, तर रिंगा आणि बोअर यांचे आयुष्य सरत आले आहे. यांपैकी कशावरही विक्रेत्याचे उत्तर एकच असते : “साहेब, गाडी उभी होती ना, म्हणून.”

या सगळ्या गाडीत पैसे वसूल करणारा भाग एकच. गिअरच्या दांड्याशेजारचा दुसरा, आखूड दांडा. तो टाकला की पुढची चाकेही ओढू लागतात, आणि आणखी टाकला की लो गिअर लागून गाडी ॲक्सिलरेटर न दाबताही चढ चढत राहते. बाकीची गाडी ही त्या दांड्याभोवती बांधलेली सोय आहे, आणि तीही फारशी सोयीची नाही. आता गंमत अशी, की हा दांडा कोरड्या डांबरी रस्त्यावर टाकायचा नसतो. वळणावर पुढची चाके मागच्या चाकांपेक्षा जास्त अंतर कापतात. तो फरक पोटात घेणारा डिफरेन्शियल पुढच्या आणि मागच्या एक्सलच्या मध्ये जिप्सीला नाही. चिखलात एखादे चाक घसरते आणि हिशेब मिटतो. डांबरावर काहीच घसरत नाही, मग सगळा पीळ शाफ्ट आणि गिअरांत साठतो, स्टीअरिंग जड होते. म्हणजे पुण्याहून साताऱ्यापर्यंत त्या दांड्याकडे नुसते प्रेमाने पाहायचे. मालक वर्षभर ज्याचे पेट्रोल भरतो, ते पावसाळ्यातल्या काही रविवारी वापरायला मिळते, आणि ते बहुधा केवळ दांडा वापरण्यासाठीच शोधून काढलेल्या चिखलात.

साहजिकच कित्येक गाड्यांतला हा दांडा अनेक वर्षे हललेलाच नसतो आणि गंजून योगनिद्रेत गेलेला असतो. म्हणून आधी खाली वाकून पुढचा प्रॉपेलर शाफ्ट जागेवर आहे का ते पाहावे. मायलेज वाढावे म्हणून तो काढून घरी ठेवलेली गाडीही ‘फोर बाय फोर’ म्हणूनच विकली जाते. मग भुसभुशीत मातीत गाडी न्यावी. पुढच्या चाकांवर हाताने फिरवायचे हब असतील तर ते लॉक करावेत, दांडा टाकावा आणि सरळ चालवावी. नंतर थांबवून लो गिअर लावून पाहावा. या सूचनेवर ‘चालू आहे साहेब, पण आत्ता कशाला?’ असे उत्तर आले, तर पुढची तपासणी चहावर आटोपायला हरकत नाही.

साठ-सत्तरच्या वेगात खड्डा लागल्यावर पुढची चाके थरथरू लागणे हा जिप्सीचा जुना छंद. ‘अलाइनमेंट करून घ्या’ हा त्यावरचा स्वस्त उपाय, आणि तो सहसा लागू पडत नाही. पुढचे चाक जॅकवर उचलून वर-खाली धरून हलवावे. खेळ जाणवला तर किंगपिनची बेअरिंगे नाहीतर टाय रॉड एंड बदलायला झाले आहेत. हे काम मिस्त्री जाणतो आणि सुटे भाग पुण्याच्या नाना पेठेत किंवा मुंबईत कुर्ल्याला हिंडल्यावर मिळतात, त्यामुळे घाबरण्याचे कारण नाही. घाबरायचे ते पत्र्याला. इंजिन उतरवता येते, गिअरबॉक्स बदलता येतो, पण सडलेली चासी म्हणजे गाडीच संपली. खिशात लोहचुंबक न्यावे. जिथे ते चिकटत नाही तिथे पत्रा नाही, पुट्टी आहे. पायाखालची रबरी चटई उचलून पाहावी. कोकणात किनाऱ्यालगत राहिलेल्या गाडीत तिच्याखाली कधीकधी थेट रस्ता दिसतो. एसी नसल्याची उणीव अशी भरून निघते.

यानंतर कागद. तीन-चार हात फिरलेल्या गाडीचे आरसी बुक वडिलोपार्जित जमिनीच्या सातबाऱ्यासारखे वाचावे लागते. कोणाचे नाव लागले, कोणाचे लागलेच नाही, बँकेचा बोजा उतरला का, मूळ मालक हयात आहे का. चासीवरचा क्रमांक खरवडून स्वतः वाचावा. लष्कराच्या लिलावातली गाडी असेल तर लिलावाचे मूळ कागद मागावेत. ‘मिलिटरीची आहे’ हा पुरावा नव्हे, हिरवा रंग पेंटरही देतो. दिल्लीत पंधरा वर्षांवरील पेट्रोल गाड्यांवर न्यायालयाच्या आदेशाने बंधने आली, त्यामुळे तिकडच्या बऱ्याच गाड्यांना सह्याद्रीची ओढ लागली. त्यांच्या बाबतीत तिकडच्या परिवहन कार्यालयाची एनओसी हाती येईपर्यंत पैसे खिशात ठेवावेत. जाडजूड टायर, उंच केलेले पाटे आणि कापलेली बॉडी यांवर विक्रेत्याने पाण्यासारखा पैसा ओतलेला असतो, पण मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ ला त्याचे कौतुक नाही.

पंधरा वर्षांनंतर खासगी गाडीची नोंदणी पाच-पाच वर्षांनी नव्याने करावी लागते. त्यासाठी फिटनेस तपासणी लागते आणि महाराष्ट्रात पर्यावरण करही. मोटारीच्या नूतनीकरणाचे शुल्क एप्रिल २०२२ मध्ये ६०० वरून ५,००० रुपये झाले आणि २०२५ मध्ये वीस वर्षांपुढच्या मोटारींसाठी १०,००० झाले. विमा बहुधा थर्ड पार्टीपुरताच मिळतो. पेट्रोल लिटरला दहा-अकरा किलोमीटर, टाकी चाळीस लिटरची. शिवाय ठरलेल्या किमतीच्या निदान एक तृतीयांश रक्कम पहिल्या वर्षाच्या दुरुस्तीसाठी वेगळी काढून ठेवावी. हा सगळा हिशेब कागदावर मांडला की गाडी घेऊ नये असे स्पष्ट दिसते. म्हणून घेणारे तो कागदावर मांडत नाहीत.

चासी सरळ, आखूड दांडा जिवंत आणि आरसीवर विकणाऱ्याचेच नाव, एवढे जुळले तर दोन लाख किलोमीटरची जिप्सीही खुशाल घ्यावी. यांतले एक जरी हुकले तर साठ हजारांचीही घेऊ नये. व्यवहार झाला की फॉर्म २९ आणि ३० वर सह्या होतात. एकाच राज्यातली गाडी असेल तर विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत परिवहन कार्यालयाला कळवायचे असते. घरी कळवण्याची मुदत कायद्यात दिलेली नाही. गाडी सोसायटीच्या फाटकातून आत शिरते तेव्हा ती आपोआप संपते.