गृहीत काय धरलंय?

लिफ्टचं दार उघडलं की अण्णा आत जात नाहीत, विचारतात. "दार उघडं असताना ही कधीच हलणार नाही, हे कुणी सिद्ध केलंय का?" वॉचमन म्हणतो, "साहेब, दहा वर्षं चालतेय." "म्हणजे दहा वर्षांत पडली नाही, एवढंच!" असं म्हणत अण्णा जिन्याला लागतात. चौथा मजला. गुडघे बोलतात, पण तत्त्व शाबूत.

हिंजवडीत ते गाड्यांच्या ब्रेकचं सॉफ्टवेअर तपासतात. 'तपासतात' म्हटलेलं त्यांना खपत नाही. टेस्टिंगवाला हजारदा ब्रेक दाबून बघतो; अण्णा एकदाही न दाबता गणितानं दाखवतात की अमुक चूक होऊच शकत नाही. अडचण येते ती अवस्थांच्या संख्येची. कोजागरीला आमच्याकडे तळमजल्यावर आले, तर मसाला दूध हातात आणि नजर स्विचबोर्डांवर. "घरात वीस बटणं. म्हणजे १०,४८,५७६ अवस्था. सगळ्या बघितल्यात?" पंखा लावायला उठलेला माझा मेव्हणा परत खाली बसला.

'सुटा भाग चांगलाय ना, मग झालं' असं त्यांच्यापुढे म्हणू नये. लगेच ४ जून १९९६ निघतो. एरियान ४ मध्ये नीट चाललेला दिशादर्शनाचा कोड एरियान ५ मध्ये तसाच बसवला. नव्या रॉकेटचा आडवा वेग जास्त. ६४ बिटांचा आकडा १६ बिटांत मावेना. चाळीसेक सेकंदांत ठिकऱ्या. "त्या भागानं काय गृहीत धरलंय, ते विचारायचं राहिलं हो!" एरवी मितभाषी माणूस, पण इथे समोरच्याचा चहा निवतो.

मुलीच्या लग्नात त्यांनी सगळ्यांकडून दोन रकाने भरून घेतले: 'गृहीत' आणि 'हमी'. हसलो आम्ही. पण गॅसच्या टाक्या केटरर आणणार असं कार्यालयवाला धरून चाललेला, आणि केटरर नेमकं उलटं, हे त्या कागदामुळेच कळलं. व्याह्यांनाही कागद गेला होता. त्यांनी 'गृहीत'खाली 'मानपान' एवढंच लिहून परत पाठवला.

गेल्या महिन्यात दोघं एसटीनं कोल्हापूरला निघाले. कात्रजला वहिनींनी विचारलं, "गीझर बंद केलात ना?"

"शेवटची आंघोळ तुझी होती."

"निघताना तुम्ही बघाल, असं मी धरलं."

खंबाटकी घाटापर्यंत अण्णा गप्प. मग मला फोन. त्यांची जादा किल्ली माझ्याकडे असते.

"लिफ्टनं जा," म्हणाले, "लवकर."