किलोच्या आतलं प्रकरण

अहो, तुमच्या कानावर आलं की नाही? लोक हल्ली लॅपटॉप ग्रॅमवर घेतात. पूर्वी दुकानात विचारायचे, रॅम किती, डिस्क किती, वॉरंटी किती वर्षांची. आता पहिला प्रश्न, ‘किलोच्या आत आहे ना?’ आणि मग तो दोन बोटांत धरून उचलायचा. या दोन बोटांचं तर फारच झालंय. परवा आमच्या भाच्याने भर दिवाणखान्यात नवाकोरा लॅपटॉप पापडासारखा चिमटीत धरला आणि म्हणाला, “मावशी, आत काही आहे असं वाटतच नाही ना?”

नाहीच आहे, बाळा. तेच तर प्रकरण आहे.

सीडीची खाच गेली, कुणी हूं की चूं केलं नाही. मग इंटरनेटची जाडी वायर खुपसायचं भोक गेलं. प्रोजेक्टरचं गेलं. बॅटरी पूर्वी खटका दाबला की हातात यायची, आता ती पोटात चिकटवलेली. घरातलं एकेक भांडं विकावं आणि पाहुण्यांना सांगावं की बघा, स्वयंपाकघर कसं मोकळं मोकळं वाटतंय, तशातली गत!

या घराण्याचा इतिहासही काही कमी रंगेल नाही. 1981 साली ‘ऑस्बोर्न 1’ आला. हातात धरून न्यायचा संगणक म्हणून त्याची कोण वाहवा! वजन सुमारे 11 किलो. पडदा 5 इंची. आत बॅटरी नाही, म्हणजे उचलून न्यायचा आणि पोचल्याबरोबर भिंतीत प्लग शोधत फिरायचं. विमानात सीटखाली मावतो हे त्याचं मोठेपण. आणि तो काढणारा अ‍ॅडम ऑस्बोर्न कुठे वाढला ठाऊक आहे? तमिळनाडूत, तिरुवन्नामलईला! वडील रमण महर्षींचे भक्त. साधेपणाच्या गावात लहानपण गेलं आणि मोठेपणी लोकांच्या हातात 11 किलोची पेटी दिली. पुढे त्याच्या कंपनीने सध्याचं मॉडेल खपायच्या आतच नव्याचा गवगवा केला. लोक म्हणाले, मग थांबतो की! 1983 मध्ये दिवाळं. आजही धंद्याच्या पुस्तकांत ही चूक त्याच्या आडनावाने ओळखतात.

आपल्याकडचं प्रकरण तर स्थळाचं आहे. अमेरिकेतले निकोलस नेग्रोपाँटी शंभर डॉलरचा लॅपटॉप घेऊन देशोदेशी फिरत होते, गरिबांच्या पोरांना द्यायला. 2006 मध्ये आपल्या मनुष्यबळ विकास खात्याने ते स्थळ सरळ नाकारलं. पत्रिकाच जुळेना! नाकारलेलं ते स्थळ 2007 मध्ये गुपचूप आलं कुठे, तर रायगड जिल्ह्यात, कर्जतजवळच्या खैराटच्या छोट्याशा शाळेत. हिरवा-पांढरा, सशासारखे दोन कान, भर उन्हात वाचता येईल असा पडदा. शंभर डॉलरचा शब्द मात्र पाळला गेला नाही. किंमत जवळजवळ दुप्पट झाली. लग्नाच्या बोलणीत हे व्हायचंच.

त्याच वर्षी ऑक्टोबरात तैवानच्या असूसने ‘ई पीसी’ काढला. नावात तीन ‘ई’, पडदा 7 इंची, साठवायला सगळी मिळून 4 जीबी जागा, किंमत अमेरिकेत 399 डॉलर. हे नाव लक्षात ठेवा, पुढे येणार आहे. तीनच महिन्यांत, जानेवारी 2008 मध्ये, सॅन फ्रान्सिस्कोच्या मंचावर अ‍ॅपलचे स्टीव्ह जॉब्ज खाकी लिफाफा घेऊन आले आणि त्यातून मॅकबुक एअर बाहेर काढला. लिफाफ्यातून! आपल्याकडे लिफाफ्यातून आहेर निघतो नाहीतर नोटीस. सीडीची खाच त्याला नव्हती, यूएसबी एकच. गाजावाजा तर असा, की जणू नवरी पालखीतून उतरली.

मग जो तो लहान काढू लागला. सोनीने 2009 साली ‘वायो पी’ आणला आणि जाहिरातीत तो जीन्सच्या मागच्या खिशात खोचून दाखवला. अहो, मागच्या खिशात! मग बसायचं कशावर? 8 इंची पडद्यावर अक्षरं इतकी बारीक की वाचायला भिंग हवं. छोट्यांना ‘नेटबुक’ म्हणू लागले तर सायन नावाची ब्रिटिश कंपनी उठली, हे नाव आमचं म्हणून. तिची नोटीस, इंटेलशी भांडण, मग 2009 मध्ये तडजोड. आणि या छोट्यांसाठी आलेली विंडोज 7 ची स्टार्टर आवृत्ती? तिच्यात पडद्यामागचं चित्र बदलायची सोय नव्हती. लॅपटॉप तुमचा, पैसे तुमचे, पण भिंतीला खिळा ठोकायचा नाही. भाडेकरू बरे!

टंकलेखनाचे हाल मी स्वतः काढलेत, कंपनीचं नाव घेत नाही. त्या बारक्या कीबोर्डावर उजवी शिफ्ट इवलीशी, आणि तीसुद्धा वर जायच्या बाणाच्या पलीकडे सरकवलेली. इन्स्क्रिप्टने मराठी लिहिणाऱ्यांना कळेल मी काय म्हणतेय ते. ‘आई’ लिहायला दोन्ही अक्षरांना उजवी शिफ्ट लागते. करंगळी गेली की ती नेमकी बाणावर. कर्सर उडी मारून वरच्या ओळीत, आणि तिथे आईऐवजी नुसता काना आणि वेलांटी. महिनाभर मी आईला पोरकं करत होते.

2013 उजाडेपर्यंत असूस आणि एसर दोघांनीही छोट्यांचं दुकान आवरलं. संपलं, असं वाटलं. पण खरी खमंग गोष्ट तर पुढेच आहे, जरा जवळ या.

2015 साली अ‍ॅपलने 12 इंची मॅकबुक काढला. वजन 0.92 किलो. आणि तो 2007 चा, गरिबाघरचा, ज्याला सगळे खेळणं म्हणून हसले, तो ई पीसी? 0.92 किलो! ग्रॅमला ग्रॅम. त्या गरिबाकडे यूएसबीची तीन भोकं होती, वायरच्या इंटरनेटचं एक, प्रोजेक्टरचं एक, शिवाय कॅमेऱ्याचं कार्ड घालायची खाच. या श्रीमंताकडे हेडफोनचं सोडलं तर एकच भोक. चार्जिंगही त्यातूनच, पेनड्राइव्हही त्यातूनच. किंमत 1,299 डॉलर. एकाने कमी घेतलं तर ते दारिद्र्य, दुसऱ्याने कमी घेतलं तर ती अभिरुची. पडदा त्याचा फार सुरेख होता, हे मान्य. पण मी पडद्याचं बोलत नाहीये, पडद्याआडचं बोलतेय.

हावही सुटत नाही हो. जपानात फुजित्सूने 13.3 इंची लॅपटॉप 634 ग्रॅमवर आणून ठेवला.

तर आमचा भाचा. त्याचा रोजचा उद्योग काय, तर मेल, बँक, चार तक्ते आणि रात्री मालिका. त्याला तो पापड पुरतो, त्यात वाद नाही. पण लहान पडद्यात वाकून मान धरली, म्हणून पडदा उंच करायला स्टँड आला. स्टँडवर चढवल्यावर बोटं पोचेनात, म्हणून वेगळा कीबोर्ड आला. शेवटी घरी 27 इंची मॉनिटर. बोन्साय आणलं आणि वडाच्या पारावर नेऊन ठेवलं. ऑफिसला जाताना बाकीचं लटांबर पाठीवर असतंच.

माझी वहिनी दिवाळीच्या फराळाच्या ऑर्डरी घेते. तिच्याकडे डिजिटल काटा आहे. मी म्हटलं, एकदाचा सोक्षमोक्ष लावू. चकल्यांची परात बाजूला झाली आणि बॅग रिकामी केली. चार्जर वायरीसकट 310. एका भोकाची चार भोकं करणारा हब 95. बाहेरची डिस्क 190. माऊस 85. ओरखडा पडू नये म्हणून घेतलेली मऊ खोळ 260. स्टँड 270. शेवटी महाराज स्वतः, 985. बेरीज 2 किलो 195 ग्रॅम.

मला वाटलं, आता तोंड पडेल. पण भाच्याने बेरजेकडे ढुंकूनही पाहिलं नाही. तो त्या 985 कडे बघत होता.

“मामी, तुझा काटा चुकतोय. खोक्यावर 970 लिहिलंय.”

वहिनीच्या हातातला झारा थांबला. “माझा काटा? अरे, या काट्यावर सबंध पेठेचा चिवडा जातो!”

“पंधरा ग्रॅम जास्त दाखवतोय.”

तिने फडताळातून पितळेचं किलोचं वजन काढलं, सासऱ्यांच्या दुकानातलं. काट्यावर ठेवलं. आकडा आला बरोबर 1000. ती काही बोलली नाही, नुसतं बघितलं.

भाच्याने लॅपटॉप उलटा केला. नखाने खालचं दुकानदाराचं स्टिकर सोलून काढलं. मग आतल्या बाजूची दोन. मग हळूच पडद्यावरचं प्लास्टिक, दहा दिवसांपूर्वीच पैसे मोजून लावलेलं, एका कडेने उचकटलं. पुन्हा काट्यावर ठेवला आणि श्वास रोखून वाकला.

974.

“मामी,” तो म्हणाला, “काट्यावर चकलीचा तुकडा राहिलाय बघ.”