चढलेला माणूस, उतरवलेला विमा

मे महिन्याच्या अखेरीस सालवडमध्ये एकवेळ जावई मिळेल, पण पत्रेवाला मिळणार नाही. 17 मे 2021 ला तौक्ते वादळ किनाऱ्याला घासून गेलं, तेव्हा आमच्या पडवीचे दोन सिमेंटचे पत्रे शेजारच्या वाडीत तुकड्यातुकड्यांनी पोचले. तेव्हापासून पहिला ढग दिसला की मी फोन लावतो आणि पत्रेवाला म्हणतो, "उद्या येतो, काका."

यंदा तो खरंच आला. सोबत दोन पोरं, ड्रिल, जे-बोल्टची पिशवी आणि नवी पन्हळ. त्यातलं एक पोरगं स्लिपर घालूनच पत्र्यावर चढलं. माझ्या पोटात गोळा आला.

"अरे, सेफ्टी बेल्ट?"

"आहे ना. एमआयडीसीत लागतो. गाडीत ठेवलाय."

"आणि विमा?"

"तोही आहे. डब्ल्यूसी पॉलिसीशिवाय कंपनीत गेटपास देतात होय?"

म्हणजे बेल्ट गाडीत, विमा फायलीत आणि पोरगं माझ्या पडवीवर! आपल्या भाषेत विमा 'उतरवतात' तो का, हे मला त्या दिवशी कळलं. माणूस वर चढला की विम्याने खालीच थांबायचं असतं.

मी पॉलिसी मागितली. मजुराला कामावर इजा झाली तर भरपाई मालकाने द्यायची, या 1923 च्या कायद्यातून हा विमा आला. मजूर किती, पगार किती आणि काम कसलं यावर हप्ता ठरतो. कामाच्या रकान्यात लिहिलं होतं, 'रंगकाम'.

"हे काय?"

"पत्र्याचं काम लिहिलं की हप्ता वाढतो, काका."

"आणि पोरगं पडलं तर?"

"हातात ब्रश देऊ."

छपरावरून तीन गोष्टी खाली येतात. माणूस आला तर डब्ल्यूसी. पत्रा शेजाऱ्याच्या स्कूटरवर आला तर त्यासाठी वेगळी पॉलिसी. ती आमच्या पत्रेवाल्याने ऐकलेलीही नव्हती. तिसरं पाणी. पन्हळीचा उतार उलटा पडला आणि ओल भिंतीत उतरली, तर तो अपघात नव्हे, ती कारागिरी. चुकलेलं काम पुन्हा करायचा खर्च विमा कंपनी सहसा देत नाही. तो 'काका' नावाच्या कंपनीकडे येतो.

"तुझा स्वतःचा तरी विमा आहे का रे?" मी स्लिपरवाल्याला वरच विचारलं.

"बँक वर्षाला 20 रुपये कापते."

म्हणजे पंतप्रधान सुरक्षा विमा. अपघाती मृत्यू झाला तर घरच्यांना 2 लाख. त्याचं वर्ष 1 जूनला सुरू होतं, ऐन पावसाच्या तोंडावर. ही तारीख ठरवणाऱ्याच्या घरी नक्की पत्रे असणार.

शेवटी मी हट्टाने गाडीतला बेल्ट आणवला, पोराला बांधायला लावला, दोर खांबाला अडकवून घेतला आणि पत्रेवाल्याला विम्यावर अर्धा तास व्याख्यान दिलं. त्याने ते शांतपणे ऐकलं, चहा संपवला आणि विचारलं,

"काका, वादळात पत्रे गेले तेव्हा तुमच्या घराच्या विम्याचे किती मिळाले?"

मी वर बघितलं आणि जोरात ओरडलो, "अरे, बोल्टच्या ओळीवर पाय ठेव!"