बेस मागे, कान पुढे

गाडी घरी आली की आधी नारळ, मग चाकाखाली लिंबू, आणि पेढे संपायच्या आत घरातला मुलगा किंवा मुलाचा बाप (वयाची अट नाही) तोंड वाकडं करून म्हणतो, "सगळं छान आहे, पण बेस नाही." मायलेज चालतं, डिकी चालते, सात वर्षांचा हप्ताही चालतो. घोडं अडतं ते धपधपीपाशी.

आणि ही धपधप हवी कुठे, तर मागे.

आता गाडीत बहुतेक वेळा माणूस एकटा असतो आणि तो पुढे बसतो, कारण स्टिअरिंग पुढे आहे. मैफलीला गेलो तर गायक समोर बसलेला आपल्याला आवडतो. आपल्या पाठीमागे बसून मानेवर ताना मारणारा बुवा कुणी सहन करणार नाही. गाडीत मात्र आपण तोच बुवा पैसे देऊन बोलावतो. मागच्या सीटवर असतात आई-बाबा. त्यांची आजवरची एकमेव फर्माईश म्हणजे, "जरा कमी कर रे." हे ऐकून मुलगा पुढचा आवाज कमी करतो आणि मागच्या स्पीकरसाठी पैसे साठवायला लागतो.

कंपन्याही काही साध्या नाहीत. खालच्या मॉडेलच्या मागच्या दाराला स्पीकरची सुरेख जाळी असते. कान लावून बघा. आत कोणी नाही. सगळ्या मॉडेलांच्या दाराचं प्लास्टिक एकाच साच्यातून काढणं स्वस्त पडतं, म्हणून बिनस्पीकरच्या दारालाही जाळी मिळते. वरच्या मॉडेलमध्ये जाळीमागे स्पीकर सापडतो, तो हातात घेतला की हात उगाचच वर जातो, इतका हलका: कागदाचा कोन, प्लास्टिकची चौकट, पाठीला एवढंसं चुंबक. ग्रॅम-ग्रॅम वाचवून मायलेज काढायचं असतं, त्यात स्पीकर कसा सुटेल?

मग मंडळी निघतात. पुण्यात नाना पेठ, मुंबईत लॅमिंग्टन रोड, बाकी महाराष्ट्रात बायपासवरचं ते दुकान, ज्याच्या पाटीवर सीट कव्हरपासून सनफिल्मपर्यंत सगळं एका दमात लिहिलेलं असतं. तिथला संवाद पाठ करून ठेवण्यासारखा असतो.

"साहेब, ओव्हल टाका."

"बसतील का मागे?"

"ट्रे कापू की."

"किती वॅटचे?"

"पाचशे."

पाचशे! क्षणभरही न अडखळता. खोक्यावरही तेच छापलंय, त्यामुळे दुकानदाराला खोटं तरी कसं म्हणावं? पण गाडीच्या स्टिरिओत किती जोर असतो, हे सहावी-सातवीच्या गणितात निघतं. इंजिन चालू असताना साधारण १४.४ व्होल्ट मिळतात, स्पीकर ४ ओहमचा. व्होल्टचा वर्ग करा, ओहमने भागा: ५१.८. स्टिरिओच्या डब्यावर '५० वॅट गुणिले ४' असं ऐटीत लिहिलेलं असतं, त्याचा उगम हा. गोम अशी, की एवढे वॅट तेव्हाच निघतात जेव्हा आवाजाची लाट वर-खाली सपाट छाटली जाऊन चौकोनी होते, म्हणजे गाण्याचा पार भुगा झालेला असतो. ऐकण्यालायक वॅट प्रत्येक स्पीकरमागे पंधरा ते वीस. विश्वास नसेल तर स्टिरिओच्या पाठीचा फ्यूज बघा. तो दहा किंवा पंधरा अँपिअरचा असतो. चार स्पीकर, स्क्रीन, ब्लूटूथ आणि वाया जाणारी उष्णता, सगळा संसार त्याला तेवढ्यात भागवायचा आहे. अख्ख्या दुकानात खरं बोलणारी वस्तू ती एवढीच, आणि तिच्यावर जाहिरात नसते.

इथे आणखी एक गंमत घडते. कंपनीचा तो भिकार कागदी स्पीकर हलका असल्यामुळेच थोड्या वॅटवर बऱ्यापैकी बोलतो. त्याच्या जागी जाड रबराच्या कडेचा, भक्कम चुंबकाचा वजनदार गडी बसवला आणि स्टिरिओ तोच ठेवला, तर गड्याला हलायलाच जोर पुरत नाही. आवाज कधीकधी आधीपेक्षा कमी होतो. मालक मग दुकानात परत जातो. दुकानदाराला ते आधीच ठाऊक असतं. काउंटरखाली फोर चॅनल अँप्लिफायर तयार असतो.

ओव्हलचं कूळ मुळात अमेरिकी. तिथल्या लांबलचक सेडान गाड्यांत मागच्या काचेखाली पत्र्याचा घट्ट शेल्फ आणि त्याच्याखाली खोलीभर डिकी. सहा बाय नऊ इंची स्पीकर तिथे शोभतो, कारण अख्खी डिकी त्याचं खोकं होते. आपल्या हॅचबॅकचा ट्रे म्हणजे दाबलेल्या भुशाची फळी, दोन खुंट्यांवर टेकलेली, दोन दोऱ्यांनी डिकीच्या दाराला लटकलेली. तिच्यावर हे दोन चुंबकधारी पैलवान बसले की पहिल्या महिन्यात दोऱ्या तुटतात, दुसऱ्या महिन्यात फळी पोक काढते, आणि बेस वाजला की गाण्यापेक्षा फळीच जास्त बोलते. जोरात ब्रेक मारल्यावर ते पैलवान कुणाच्या डोक्याच्या दिशेने येतील, हा प्रश्न दुकानात कुणी विचारत नाही. आणि ट्रेखाली खोकं म्हणून वापरायची ती डिकी? तिच्यात सीएनजीचा सिलिंडर झोपलाय.

खरा घोटाळा दारातच असतो आणि तो स्वस्तात मिटण्यासारखा असतो. म्हणूनच तो कुणी मिटवत नाही. दाराचं प्लास्टिक उघडलं की आतल्या पत्र्याला मोठाली खिंडारं दिसतात, काचेची यंत्रणा बसवायला ठेवलेली. स्पीकरचा पडदा पुढे हवा ढकलतो त्याच क्षणी मागची हवा ओढतो. मागची ही उलटी लाट खिंडारांतून वळसा घालून पुढे आली की पुढच्या लाटेला खाऊन टाकते, आणि खाते ती नेमका बेस. तुम्ही विकत घेतलेला बेस तुमच्याच दाराच्या पोटात मरतो. उपाय म्हणजे ती खिंडारं बुजवणं आणि पत्र्यावर ब्यूटाइलचा चिकट डॅम्पिंगचा थर दाबून लावणं. दार बंद होतानाचा आवाजसुद्धा पत्र्याचा 'खण्ण' जाऊन भारदस्त 'धप्प' होतो. पण हे काम प्लास्टिकआड झाकलं जातं. साडूला दाखवता येत नाही. त्यापेक्षा निळा दिवा लागणारा स्पीकर बरा.

उलट होतं काय, तर फिटर पोरगा दार उघडताना कंपनीने लावलेला प्लास्टिकचा पातळ पडदा फर्रकन फाडतो आणि परत लावतो तो अर्धाच. काचेच्या फटीतून पावसाचं पाणी दारात उतरतच असतं आणि तळाच्या भोकांतून निघून जात असतं. त्या पाण्याला आत येऊ न देणं हे त्या पडद्याचं काम होतं. जूनमध्ये नव्या स्पीकरची आंघोळ होते, जुलैत पायाखालचा कार्पेट वास मारतो, आणि दुकानदार म्हणतो, "साहेब, कोकणात नेली होती का गाडी?"

शिवाय प्लस-मायनस. एका बाजूचा स्पीकर उलटा जोडला गेला की एक पडदा पुढे येतो तेव्हा दुसरा मागे जातो आणि बेस पुन्हा गुल. तपासायला घड्याळातला साधा दीड व्होल्टचा सेल पुरतो. स्पीकरच्या वायरींना क्षणभर टेकवा. सेलचा प्लस स्पीकरच्या प्लसला लागला असेल तर कोन टुणकन बाहेर येतो. डोळ्यांना दिसतं. फिटरला सांगून बघा. तो तुमच्याकडे सासऱ्यासारखा बघेल आणि आवाज आणखी दोन घरं वाढवून म्हणेल, "वाजतंय ना?"

वाजतंय. आणि आवाज मोठा केला की बेस आल्यासारखा वाटतोही, त्यात फिटरची चलाखी नाही, आपल्या कानाची आहे. हळू आवाजात माणसाच्या कानाला खालचे स्वर मधल्या स्वरांपेक्षा फार कमी ऐकू येतात. फ्लेचर आणि मन्सन या दोघांनी १९३३ साली याचे आलेखच काढले. स्टिरिओवर 'लाउडनेस' नावाचं बटण असतं ते याच कारणासाठी: हळू आवाजातला बुडालेला बेस वर काढायला. फुकट असतं. बहुतेकांनी ते आजवर दाबलेलं नाही.

ज्याला बेसच हवा त्याने सरळ पुढच्या सीटखाली मावणारा आठ इंची सबवूफर घ्यावा, वायर थेट बॅटरीवरून आणावी, बॅटरीच्या अगदी जवळ फ्यूज टाकून, आणि मागच्या स्पीकरांना सुखाने निवृत्त करावं. हा सल्ला मी अनेकांना दिला आहे. कुणी ऐकलेला नाही, कारण सीटखालचा बेस फक्त आत ऐकू येतो.

आणि बेस आपल्यासाठी घेतो कोण? काचा बंद असल्या की लता, रफी, सारंगी, सनई सगळं आत अडकतं. बाहेर पडतो तो खालचा ठोका. सिग्नलला शेजारच्या स्कूटरवाल्याला गाणं कोणतं ते कळत नाही, पण आपल्या छातीत कुणीतरी खिळा ठोकतंय एवढं नक्की कळतं. सरकारी नियमात राहत्या वस्तीसाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल लिहिलेत. विसर्जनाला डीजेची भिंत उभी राहिली की त्याच नियमावर अग्रलेख वाचायचे, मान डोलवायची, आणि तीच भिंत हप्त्यावर डिकीत बसवून सोसायटीत शिरायचं. वॉचमन गाडीचा नंबर बघत नाही. गेटचा पत्रा हलायला लागला की ए विंगचे साहेब आले, हे त्याला कळतं.

मग पाच-सहा वर्षांनी गाडी विकायची वेळ येते. माळ्यावर जपून ठेवलेले कंपनीचे कागदी स्पीकर खाली येतात, दारात परत बसतात, ओव्हल नव्या गाडीसाठी उतरवून ठेवले जातात. जुन्या गाडीचा एजंट इंजिन ऐकतो, टायर बघतो, डिकी उघडतो. ट्रेला दोन लंबगोल भोकं. तो एक शब्द बोलत नाही, मोबाइल काढतो आणि भोकांचे पाच हजार वजा करतो.