डावा फेंडर, रंग लाल

इंजिन बिघडलं की घरात काळजी पसरते, पत्रा गंजला की लाज. ही वाटणी मला कधीच पटलेली नाही. इंजिन बिघडून गाडी भर रस्त्यात थांबली तर अनोळखी माणसं धक्का मारायला धावतात. गाडीच्या पत्र्याला भोक पडलेलं दिसलं की तीच माणसं सिग्नलला आपल्याकडे एकदा बघतात आणि नजर वळवतात. सोसायटीतले हितचिंतक तर जिन्यात गाठून हळूच विचारतात, "घरी सगळं ठीक आहे ना?"

घरी सगळं ठीक होतं. फक्त आमच्या मारुती ८०० चा पुढचा डावा फेंडर उरला नव्हता. म्हणजे दुरून होता. जवळ गेलं की रंग होता आणि रंगाच्या आत काही नव्हतं.

यात दोष गाडीचा नाही, पत्त्याचा आहे. आम्ही माहीमला राहतो. खिडकी उघडली की समुद्राचा वारा येतो म्हणून पाहुणे आमचा हेवा करतात. तो वारा खाली उभ्या गाडीलाही लागतो, हे त्यांच्या लक्षात येत नाही. पावसात चाक जो चिखल उडवतं, तो फेंडरच्या आतल्या कडेला आणि दरवाजाच्या अलीकडे खाली जी बेचकी असते तिथे जाऊन बसतो. गाडी धुणारा मुलगा सकाळी येऊन बाहेरून धुतो. आतला चिखल तसाच ओला राहतो. लोखंड, पाणी आणि हवा एवढ्यावर गंजाचं भागतं. पण सोबत मीठ मिळालं की कामाला वेग येतो, कारण गंजणं हा मुळात विजेचा व्यवहार आणि खारं पाणी वीज सहज वाहून नेतं. तयार झालेला गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा मागतो. मग रंग आतून उचलला जातो आणि त्याला फोड येतो. आपल्याला तो पहिला फोड दिसेपर्यंत त्या जेमतेम पाऊण मिलिमीटरच्या पत्र्यात खाण्यासारखं फारसं शिल्लक नसतं.

मेहरौलीचा लोहस्तंभ सोळाशे वर्षं उघड्यावर उभा असून गंजलेला नाही, हे नवऱ्याने मला या निमित्ताने ऐकवलं. गाडी विकावी असं त्याचं फार दिवसांचं मत. त्या मताला इतिहासाचा आधार मिळाला की त्याला बरं वाटतं. स्तंभाच्या लोखंडात फॉस्फरस भरपूर आहे आणि त्यामुळे त्याच्या अंगावर राखण करणारा एक पातळ थर धरला आहे, हे खरंच. पण त्याला कुणी माहीमच्या कॉजवेवर चार पावसाळे उभं करून बघितलेलं नाही.

आमचे डेंटिंगवाले मिस्त्री मितभाषी. ते पत्र्यावर बोटाचं पेर आपटतात आणि आवाजावरून निदान करतात. आमच्या फेंडरवर त्यांनी बोट आपटलं तर ते आत गेलं. बोटाकडे बघत त्यांनी तीन मार्ग सांगितले. पहिला, भोकावर जाळी, जाळीवर लांबी, लांबीवर रंग. "दिवाळीपर्यंत मस्त दिसेल," ते म्हणाले, आणि दिवाळीनंतरच्या आयुष्याबद्दल काही बोलले नाहीत. लांबीच्या मागे गंज आपलं काम चालूच ठेवतो. आपण फक्त त्याला आडोसा करून देतो. दुसरा मार्ग, बाजारातून कोरा फेंडर आणणे. तिसरा, जुना आणणे.

मी अर्थातच कोऱ्याच्या बाजूने होते. मिस्त्रींनी मान हलवली. "ताई, नवा घ्याल तर डुप्लिकेट मिळेल. पत्रा हलका, भोकं जुळत नाहीत, बॉनेटची फाट वर एक आणि खाली एक. कुर्ल्याहून जुना आणा. तो कंपनीचा असतो."

या वाक्याने माझ्या डोक्यातल्या सगळ्या फळ्या उलट्यापालट्या झाल्या. आयुष्यभर आपण शिकलो ते असं की कोरं ते अस्सल, वापरलेलं ते कमअस्सल. पातेलं, पुस्तक, भाड्याचं घर, सगळ्यांना हाच नियम. आणि इथे एक जाणता कारागीर सांगत होता की खोक्यातून निघालेल्या चकचकीत वस्तूवर संशय घ्या आणि धूळ खात पडलेलीवर भरवसा ठेवा. विचार केला तर त्यात काही चूक नव्हती. मारुती ८०० डिसेंबर १९८३ मध्ये रस्त्यावर आली आणि जानेवारी २०१४ मध्ये तिचं उत्पादन थांबलं. कारखान्यात साच्यातून निघालेले तिचे जे फेंडर आज हाताशी लागतात, ते बहुतेक कुठल्या ना कुठल्या गाडीला एकदा लागून, ऊनपाऊस खाऊन, दुसऱ्या कुणाच्या हातून सुटून आलेले. ज्याच्याजवळ भूतकाळ नाही तोच इथे नकली.

कुर्ल्याला सीएसटी रोडवर गेले. या रस्त्याच्या नावातल्या सीएसटीचा बोरीबंदर स्टेशनच्या जुन्या सीएसटी नावाशी संबंध नाही. सेंट्रल साल्सेट ट्रामवे नावाची एक रेल्वे होती; १९२८ साली सुरू झाली, अंधेरीला कुर्ल्यामार्गे ट्रॉम्बेशी जोडायची, आणि १९३४ मध्ये बंदही पडली. गाडी गेली, नाव रस्त्याने ठेवून घेतलं. सुट्या भागांचा बाजार ज्या रस्त्यावर भरतो त्याचं नावही दुसऱ्याच कुणाचं वापरलेलं असावं, याचा मला फार आनंद झाला. नवरा सोबत असता तर त्याला सांगितलं असतं, पण तो निषेध म्हणून घरी थांबला होता.

कुर्ल्याचं आणि मोटारींचं नातं तसं दोन्ही टोकांचं. प्रीमियर ऑटोमोबाइल्सचा कारखाना इथलाच. फियाट, म्हणजे पुढची पद्मिनी, इथे जन्मली, शहरभर काळीपिवळी होऊन धावली आणि ऑक्टोबर २०२३ अखेर शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची वीस वर्षांची मुदत भरली. त्यातल्या कितीतरी गाड्यांच्या काचा, दरवाजे, डिक्या याच परिसरात परत आल्या असतील. गावात जन्म, गावातच भंगार. एवढं स्थैर्य हल्ली माणसांनाही लाभत नाही.

दुकान म्हणजे एक अंधारा बोळ. वर बॉनेटं टांगलेली, जमिनीवर हेडलाइटचे ढीग, आणि दोन्ही भिंतींना फेंडर ग्रंथालयातल्या पुस्तकांसारखे उभे लावलेले, फक्त कणा दिसेल असे. शेठना मात्र कुठला कुठे आहे ते न बघता ठाऊक. "एट हंड्रेड? लेफ्ट? पुराना शेप के नया शेप?" त्या तीस वर्षांत ८०० ने आपला तोंडवळा बदलला होता, त्यामुळे हा प्रश्न महत्त्वाचा. मी मोबाइलवर फोटो दाखवला. त्यांनी एका पोऱ्याला नुसती भुवई उडवून खूण केली आणि तो वर चढला.

खाली आला तो फेंडर लाल होता. आमची गाडी रुपेरी.

"कलर तो होता रहेगा, मॅडम. पत्रा देखो."

पत्रा बघायची माझी तयारी होती. फ्रिजवरचं महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीचं चुंबक मी पर्समध्ये घालून नेलं होतं. लोखंडाला ते चिकटतं, लांबीच्या जाड थरावरून घसरून पडतं. ही युक्ती मिस्त्रींची, स्ट्रॉबेरी माझी. मी ती फेंडरभर फिरवली. कडेला, दिव्याच्या खोबणीत, खालच्या बेचकीपाशी. सगळीकडे चिकटली. शेठ हे सगळं शांतपणे पाहत होते. मग त्यांनी खिशातून आपलं स्वतःचं चुंबक काढून दाखवलं. ते जास्त चांगलं होतं. त्यानंतर घासाघीस करायला मला थोडं अवघड गेलं, पण केली. नाहीतर त्यांनाच वाईट वाटलं असतं.

घरी खरी परीक्षा सासूबाईंची. त्यांनी फेंडरला हात न लावता लांबून विचारलं, "कुणाच्या अपघातातला असेल गं?" मी म्हटलं, "आई, अपघातातला असता तर इतका सरळ असता का?" त्या म्हणाल्या, "मागून धडक बसली असेल." या युक्तिवादाला तोड नव्हती. मागून चेपलेल्या गाडीचेच पुढचे भाग शाबूत मिळतात. भंगाराचा धंदाच त्यावर चालतो. "आणि चोरीचा निघाला म्हणजे?" नवऱ्याने आतून भर घातली. मी पावती पुढे केली. तिच्यावर फेंडरचं वय, गाव, आधीचा मालक यांपैकी काहीच नव्हतं. असणार कुठून? मोटारीत हजारो भाग असतात, पण सरकारदरबारी ओळख फक्त दोघांना: इंजिनाला एक नंबर आणि चॅसिसला एक. बाकी सगळे निनावी.

इथे मला वेताळपंचविशीतली ती गोष्ट आठवली. देवीच्या देवळात नवरा आणि भाऊ दोघांची मुंडकी धडावेगळी होतात, देवी प्रसन्न होते, आणि घाईगर्दीत बाई मुंडक्यांची अदलाबदल करून बसते. दोघेही जिवंत. आता तिचा नवरा कोणता? राजा सांगतो की ज्याच्या धडावर नवऱ्याचं डोकं तो नवरा, कारण सर्व अवयवांत शिर श्रेष्ठ. आमच्याकडे हा निवाडा आरटीओने करून ठेवला आहे. पंधरा वर्षं झाली की गाडीची नोंदणी पुढच्या पाच वर्षांसाठी नव्याने करायची, त्या वेळी चॅसिस नंबरावर कागद ठेवून पेन्सिल घासायची, अक्षरं उमटली की गाडी तीच. फेंडर बदला, दरवाजे बदला, बॉनेट बदला. बॉनेटखाली ठोकलेला तो आकडा जागेवर असला की वेताळाला परत झाडावर जायला हरकत नाही. राजाने डोकं धरलं, सरकारने सांगाडा. सरकारचं मला जास्त पटतं. डोकं कधीही फिरतं.

फेंडर बसवायला गेलो तर सासूबाईही आल्या, देखरेखीला. पुढचा फेंडर बोल्टांवर असतो म्हणून काम आवाक्यातलं. मागच्या चाकावरचा पत्रा सांगाड्याला वेल्ड केलेला, तो कापूनच काढावा लागतो. अर्थात बोल्टांवर असतो हे पुस्तकातलं वाक्य. प्रत्यक्षात बोल्ट आणि पत्रा एकजीव झालेले होते. मिस्त्रींनी तेल सोडलं, चहा घेतला, परत तेल सोडलं. शेवटी दोन बोल्ट आले, एक तुटला आणि एकाने बरोबर आपली जागाही आणली.

मग त्यांनी लाल फेंडर उलटा करून घासायला घेतला आणि आतून मातीची ढेपळं पडली. तांबडी, दाणेदार, खणखणीत वाळलेली.

सासूबाई खुर्चीवरून उठल्या. त्यांनी एक ढेपूळ उचललं, चुरलं, बोटांवर बघितलं. "ही जांभ्याची माती," त्या म्हणाल्या. "ही गाडी राजापूरकडची."

जांभा राजापूरला आहे तसा सावंतवाडीला आहे, गोव्यात आहे, महाबळेश्वरच्या पठारावरही आहे. हे मी बोलून दाखवलं नाही. सासूबाईंचं माहेर राजापूर तालुक्यातलं. त्या क्षणापासून फेंडरचा पूर्वेतिहास ठरून गेला. तो कुण्या शिक्षकाच्या गाडीचा होता, गाडी जपून वापरलेली होती, आणि अपघात झालाच असेल तर चूक समोरच्याची. मिस्त्री आत काळं अंडरकोटिंग मारायला लागले तेव्हा थोडी माती राहू द्या असंही त्यांनी सुचवून पाहिलं. मिस्त्रींनी ऐकलं नाही; त्यांचं माहेर तिकडचं नाही.

वॉशर घालून, सैल करून, परत आवळून त्यांनी बॉनेटची फाट अशी जुळवली की वरून खालपर्यंत एकसारखी. राहिला रंग. रंगाचा कोड गाडीवर असतो आणि दुकानदार त्यावरून रंग मिसळून देतो. पण कोड सांगतो तो गाडी कारखान्यातून निघाली त्या दिवसाचा रंग. मधली वर्षं त्यात नसतात. रुपेरी रंगाची आणखी एक खोड अशी की त्यातला धातूचा चुरा फवारताना कसा बसला यावर त्याची छटा ठरते. म्हणजे नेमका कोडाप्रमाणे रंगवलेला फेंडर इतका तरुण दिसणार की शेजारचा दरवाजा उघडा पडणार. दरवाजा रंगवला तर मागचा पत्रा. असं करत गाडीभर फिरून यायचं झालं तर खर्च गाडीच्या किमतीच्या पुढे जातो. फोक्सवॅगनने १९९५ साली पोलोची हार्लेकिन नावाची आवृत्ती काढली होती: लाल, निळ्या, हिरव्या, पिवळ्या गाड्या बनवायच्या आणि त्यांचे पत्रे आपसात अदलाबदल करून लावायचे. मुद्दाम. अशा तीन हजारांवर गाड्या विकल्या गेल्या. हे मी नवऱ्याला सांगितलं. इतिहासाचा आधार आम्हालाही घेता येतो.

तेव्हा फेंडर लालच आहे. वॉचमन पाहुण्यांना "वो लाल गाल के बाजू में लगाओ" असं सांगतो, आणि सिग्नलला नजर वळवणारी माणसं आता रोखून बघतात. गाडी विकायचा विषय तूर्त मागे पडला आहे, कारण अशी गाडी घेणार कोण, हा नवऱ्याचा नवा मुद्दा माझ्याच सोयीचा आहे.

पावसाळा संपता संपता डाव्या दरवाजाच्या खालच्या कडेला एक बारीक फोड दिसला. मी कुर्ल्याला निरोप ठेवला होता. परवा रात्री जेवताना शेठचा फोन आला. "मॅडम, एट हंड्रेड का लेफ्ट दरवाजा आया है. हरा है. रख दूँ क्या?"

फोन स्पीकरवर होता. नवऱ्याने ताटावरून मान वर केली. सासूबाईंनी भाताचा घास तसाच हातात धरला आणि म्हणाल्या, "रंगाचं राहू दे. आत माती कसली आहे ते विचार."